किल्ली कोणाच्या हाती?

आमच्या मोहल्ल्यात गाडी कोणी कोणाला शिकवत नसे. ती येत असे. विहिरीकाठच्या पोरांना जसे पोहणे येते, तशी. नाना पेठेत चाचांचे स्कूटर दुरुस्तीचे गॅरेज होते. शाळा सुटली की दप्तर घरी टाकून आम्ही तिघे, दोघे सख्खे भाऊ आणि एक चुलतभाऊ, तिथे जाऊन बसायचो. पाने पुढे करायचे, प्लग पॉलिश पेपरने घासायचा, कार्बोरेटरचे सुटे भाग पेट्रोलच्या डबीत धुवायचे. गाडी तयार झाली की चाचा म्हणत, “जा, कोने तक मारके ला. आवाज सुन उसकी.” हे सांगणे आवाज ऐकण्यासाठी असे, गाडी चालवण्यासाठी नव्हे, पण गाडी चालवल्याशिवाय आवाज ऐकू येणार कसा? बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या आयुष्यात याहून मोठा सन्मान नव्हता. चेतकचे इंजिन उजव्या अंगाला असल्यामुळे ती नवशिक्याला उजवीकडे खेचायची. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर एकाच वेळी सांभाळायचे, मनगट दुखायचे. महिन्याभरात हात बसला. मग रविवारी सकाळी गोळीबार मैदानावर, ईदची नमाज होते त्या ईदगाहच्या बाजूला, आम्ही आठचे आकडे काढू लागलो. अब्बांना हे ठाऊक होते. त्यांनी कधी परवानगी दिली नाही आणि कधी मनाईही केली नाही. स्कूटरची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असे आणि तो खिळा आमच्या हाताला पुरेल एवढ्याच उंचीवर होता.

या लेखाचा विषय तो खिळा आहे.

पुण्यात ही गोष्ट आमच्याच घरची होती असे नाही. एके काळी सायकलींचे म्हणून ओळखले जाणारे हे शहर आमच्या डोळ्यांदेखत स्कूटरींचे झाले. आकुर्डीत बजाजचा कारखाना, तिकडे अहमदनगरला लुना बनवणारी कायनेटिक, आणि बस म्हणाल तर थांब्यावर उभे राहून पायाला मुंग्या येईपर्यंत तिचा पत्ता नाही. दहावीच्या मुलाला सकाळी साडेसहाचा क्लास गाठायचा, अकराला शाळा, संध्याकाळी पुन्हा दुसऱ्या टोकाला दुसरा क्लास. बाप नोकरीवर, आईला गाडी येत नाही. मग गाडी मुलाच्या हाती जाते. सदाशिव पेठेत जाते, कोंढव्यात जाते, वडगाव शेरीत जाते. ‘जवळच तर आहे’, ‘गल्लीतल्या गल्लीत’, ‘हेल्मेट घातलंय ना’. अशी वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत आणि बहुतेकांनी उच्चारली आहेत.

कायदा काय सांगतो ते एकदा नीट पाहू, कारण आपल्याकडे तो ऐकीव असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे चौथे कलम म्हणते की, अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीने सार्वजनिक जागी मोटार वाहन चालवू नये. अपवाद एकच. पन्नास सीसीपर्यंतचे, गिअर नसलेले वाहन सोळा वर्षे पूर्ण झालेल्याला चालवता येते, तेही लायसन काढून आणि पालकाच्या लेखी संमतीने. हा अपवाद लुनाच्या काळात शोभून दिसे. आजच्या गिअर नसलेल्या पेट्रोल स्कूटर शंभर सीसीच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या असतात. म्हणजे कायद्यात दार आहे, पण त्या दारातून जाईल अशी गाडी बाजारात जवळजवळ उरलेली नाही. राहिल्या त्या ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतल्या, २५० वॉटपर्यंतच्या विजेच्या छोट्या गाड्या, ज्यांना लायसनच लागत नाही. सोळाव्या वर्षाच्या मुलाला ती गाडी दाखवली तर तो आपल्याकडे कसा पाहतो, ते आम्ही अनुभवले आहे.

‘सार्वजनिक जागी’ हे शब्दही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. स्वतःच्या शेतात, कुंपणाच्या आत मुलाने गाडी शिकली तर या कलमाचे त्याच्याशी भांडण नाही. कायद्याचा आक्षेप शिकण्याला नाही. जिथे दुसरा माणूस येऊ शकतो, त्या जागी शिकण्याला आहे. पेठेत राहणाऱ्यांकडे शेत नसते हा भाग वेगळा.

आता १९ मे २०२४. रविवारची पहाट, अडीचच्या सुमारास. कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्शे मोटारीने मोटारसायकलला धडक दिली आणि मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले दोन तरुण आयटी अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघेही चोवीस वर्षांचे, जागीच गेले. चाकामागे सतरा वर्षांचा मुलगा होता, अठरा पूर्ण व्हायला काही महिने बाकी असलेला. पुढचे सारे देशाने पाहिले. बाल न्याय मंडळाने काही तासांतच त्याला जामीन दिला आणि अटींमध्ये रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. संताप उसळला. मग एकेक पदर उलगडत गेला. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक झाली. घरच्या मोटारचालकाने गुन्हा स्वतःवर घ्यावा म्हणून त्याला डांबून ठेवल्याचा आरोप आजोबांवर आणि वडिलांवर आला. रक्ताच्या प्रकरणात आईलाही अटक झाली. जूनअखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने मुलाला निरीक्षणगृहातून आत्याच्या ताब्यात दिले. पुढे, जुलै २०२५ मध्ये, त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली. याआधी २०१६ च्या दिल्लीतील अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कायद्याचा अर्थ लावला होता. किमान सात वर्षांची शिक्षा नेमून दिलेली असेल, तोच गुन्हा ‘अतिघोर’ आणि अशाच गुन्ह्यात अल्पवयीनाला प्रौढाप्रमाणे उभे करता येते.

त्या दिवसांत आम्हीही चिडलो होतो. निबंधावरचे विनोद आम्हीही एकमेकांना पाठवले. बिल्डरचा पोरगा, कोट्यवधींची गाडी, पब, दारू, पैशाने विकत घेतलेली यंत्रणा. या सगळ्यात आपण कुठेच नाही, हे किती बरे वाटत होते! एका रात्री जेवणानंतर घरातले सगळे तावातावाने बोलत होते. ‘ड्रायव्हरला पुढे केलं, लाज नाही वाटली’ असे कोणीतरी म्हणाले. कोपऱ्यात बसलेले भाईजान, आमचे थोरले चुलतभाऊ, इतका वेळ गप्प होते. ते एवढेच म्हणाले, “मुझे किसने आगे किया था?”

खोलीत कोणी बोलले नाही. लहान मुलांना विषय कळला नाही. आम्हा तिघांना कळला.

१९९१ ची गोष्ट. मगरिबची अजान नुकतीच होऊन गेली होती. अब्बांच्या चेतकवर आम्ही तिघे, ट्रिपल सीट, भवानी पेठेतल्या लाकूड बाजाराच्या बाजूने परत येत होतो. वये पंधरा, पंधरा आणि चौदा. वळणावर केळ्यांची हातगाडी उभी होती. समोरून टेम्पो आला. ब्रेक दाबला गेला की नाही, की क्लचऐवजी भलतेच काही झाले, यावर पुढे आमचे कधी एकमत झाले नाही. गाडी हातगाडीवर आणि हातगाडी केळीवाल्या काकांच्या पायावर. नडगीचे हाड मोडले. रस्त्यावर केळ्यांचा चिखल झाला होता. आम्ही तिघेही धडधाकट होतो, एकाच्या कोपराला खरचटले होते एवढेच.

गॅरेज फार लांब नव्हते. भाईजान धावत आले. ते एकोणीस वर्षांचे होते, नुकतेच पक्के लायसन मिळाले होते. त्यांच्यामागून अब्बा आले. कोणी कोणाशी सल्लामसलत केली नाही. असल्या वेळी करावी लागत नाही. चौकीत भाईजानने सांगितले, गाडी मी चालवत होतो. हवालदाराने आमच्याकडे पाहिले, अब्बांकडे पाहिले आणि तसे लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी खाटेवर पडलेल्या केळीवाल्या काकांनीही तसेच सांगितले. अब्बांनी प्लास्टरचा आणि औषधांचा सगळा खर्च केला, वर दोन हजार रुपये दिले, महिनाभर घरून डबा पाठवला. काका म्हणाले, “जाऊ द्या शेठ, पोरं आहेत.” भाईजानने कोर्टात दंड भरला. घरात या गोष्टीचा निकाल लागला तो असा की, अल्लाहने मोठ्या संकटातून वाचवले आणि माणूस चांगला निघाला.

तीन-चार वर्षांनी भाईजान रिक्षाच्या बॅजसाठी गेले तेव्हा ते प्रकरण पोलीस तपासणीत पुढे आले. त्यांचे दोन वर्षे अडले. तेवढ्यात ते दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहीत राहिले. ते कधी तक्रार करत नाहीत. त्या रात्रीचे ते एक वाक्य सोडले तर त्यांनी कधी विषयही काढला नव्हता.

आता कोणी म्हणेल, कुठे चेतक आणि कुठे पोर्शे? कुठे पाय मोडणे आणि कुठे दोन जीव जाणे? बरोबर आहे. आम्ही दारू प्यालेलो नव्हतो, कोणाच्या रक्ताच्या बाटल्या बदलल्या नव्हत्या, भाईजानला कोणी कोंडले नव्हते. हे फरक खरे आहेत आणि कायद्याने ते मोजलेच पाहिजेत. ‘सगळेच सारखे पापी’ असे म्हणणे ही मोठ्या अपराध्याची सोय असते, ती आम्हाला करायची नाही. पण दुसरीही एक सोय असते. मोठा अपराधी सापडला की त्याच्या सावलीत आपला छोटा अपराध दिसेनासा होतो. आणि फरकांची यादी संपल्यावरही एक गोष्ट दोन्हीकडे तशीच उरते. चालवणारा एक आणि उभा राहणारा दुसरा.

हे का घडते? भित्रेपणा, लबाडी, मुलाची माया ही उत्तरे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. आम्हाला वाटते, अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देण्यातच ही अदलाबदल आधीपासून दडलेली असते. वयाची अट आपण कौशल्याची अट समजतो आणि तिथेच चुकतो. कौशल्य म्हणाल तर गॅरेजमधला पंधरा वर्षांचा पोऱ्या चाळिशीच्या कारकुनापेक्षा गाडी चांगली चालवतो. चाचा हे छातीठोक सांगत आणि ते खरेही होते. मग अठराच का? जगात हा आकडा कुठेही सारखा नाही. ब्रिटनमध्ये मोटार सतराव्या वर्षी चालवता येते, अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत सोळाव्या, आणि तिथल्या साउथ डकोटात चौदाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने लायसन देण्याची पद्धत आणली. आधी जाणत्याला शेजारी बसवून, मग एकट्याने पण बंधने पाळून, मग मोकळेपणी. आकडा म्हणून अठरात काही पवित्र नाही.

पण अठराच्या आतला माणूस एक गोष्ट करू शकत नाही, मग त्याचा हात कितीही बसलेला असो. तो स्वतःच्या नावाने जबाब देऊ शकत नाही. त्याने केलेला करार कायदा मानत नाही, नुकसानभरपाई त्याच्याकडून वसूल होत नाही, नेहमीच्या न्यायालयात तो उभा राहत नाही. हे त्याच्या संरक्षणासाठीच आहे आणि ते असलेच पाहिजे. पण याचाच अर्थ असा की तो रस्त्यावर जे काही करील त्याचे उत्तर दुसऱ्या कोणीतरी द्यायचे आहे. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्या हाती दुसऱ्याचा जीव दिला की उत्तर देणारा माणूस शोधावाच लागतो. श्रीमंतांच्या घरी तो पगारी असतो. आमच्या घरी तो चुलतभाऊ निघाला.

विम्याच्या बाबतीतही हेच. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आले होते. अल्पवयीन पुतण्याने चुलत्याची मोटारसायकल नेली आणि अपघातात माणूस दगावला. मालकाचे म्हणणे, त्याने मला न विचारता किल्ली नेली, माझा काय दोष? न्यायालयाने ते मानले नाही. आपले वाहन गैरहाती जाऊ नये ही मालकाचीच जबाबदारी होती. विमा कंपनीने मृताच्या घरच्यांना भरपाई द्यावी आणि ती मालकाकडून वसूल करून घ्यावी. ते वाचताना आम्हाला अब्बांचा खिळा आठवला. ‘मी दिली नाही, त्यांनी घेतली’ हे म्हणण्याची सोय त्या खिळ्यात होती.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९-अ हे कलम आले. अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा मालक दोषी धरला जाईल, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचे.

इथे फिक्हचा विषय निघणे साहजिक आहे. आमच्याकडे कोणत्याही नव्या कायद्याला ‘हे तर आपल्याकडे आधीपासूनच आहे’ म्हणण्याची एक खोड आहे. ती आम्हाला आवडत नाही. मोटारीचा प्रश्न सातव्या शतकातल्या माणसाला पडलेला नव्हता. तरीही जुन्या लोकांनी याच्या शेजारच्या एका प्रश्नावर फार बारकाईने विचार केला होता आणि तो वाया घालवण्याचे कारण नाही. तो प्रश्न म्हणजे यतिमाचा माल त्याच्या हवाली कधी करायचा? सूरह निसामध्ये यासाठी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. मूल वयात आले पाहिजे आणि शिवाय त्याच्यात ‘रुश्द’, म्हणजे व्यवहाराची जाण, दिसली पाहिजे. बालिग होणे पुरेसे नाही. आपल्या मोहल्ल्यात ‘लडका बालिग हो गया’ म्हणताना हा दुसरा शब्द सहसा गळून पडतो. नमाज-रोजा फर्ज झाला म्हणजे पोरगा मोठा झाला, मग गाडी का नाही, असे विचारणारे बुजुर्ग आम्ही पाहिले आहेत. नमाज चुकली तर नुकसान त्याचे एकट्याचे. ब्रेक चुकला तर केळीवाल्याचे. वय त्याला स्वतःसाठी जबाबदार करते. दुसऱ्याच्या वाट्याची जोखीम हाती घ्यायला जाण लागते.

आणि ही जाण यायची कधी? इमाम अबू हनीफांचे मत असे की, ज्याच्यात ती दिसत नाही त्याचा माल पंचवीस वर्षांपर्यंत रोखावा, मग द्यावा. त्यांच्याच दोन शिष्यांनी, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी, गुरूचे हे ऐकले नाही. जाण दिसत नसेल तर वय कितीही होवो, देऊ नये, असे ते म्हणाले. १९९-अ मधला पंचवीसचा आकडा पाहून आम्हाला गंमत वाटली. योगायोगच आहे, त्यावरून कोणी मिरवणूक काढू नये. महत्त्वाचे आहे ते पुढचे. माल हवाली कराल तेव्हा साक्षीदार ठेवा, असेही तिथेच सांगितले आहे. म्हणजे देणे उघड असावे, दिले ते मान्य करून असावे. कच्चे लायसन, पालकाची सही, गाडीवर लाल ‘एल’, शेजारी बसलेला जाणता माणूस, हे सगळे साक्षीदारच आहेत. आमच्या खिळ्याला साक्षीदार नव्हता. देणाऱ्याने दिले नव्हते, घेणाऱ्याने चोरले नव्हते, आणि तरीही किल्ली हातातून हातात गेली होती.

त्याच सूरहमध्ये चुकून झालेल्या मनुष्यवधाचाही विचार आहे. मृताच्या घरच्यांना दियत द्यायची, त्यांनी स्वतःहून माफ केली तर गोष्ट वेगळी. हनफी फकीह म्हणतात की, अल्पवयीनाने जाणूनबुजून केले तरी ते चुकून झालेलेच धरावे आणि दियत त्याच्या ‘आकिला’वर, म्हणजे कुळावर, पडावी. यातले वजन आम्हाला पूर्वी कळले नव्हते. मुलाला सोडले आहे, पण प्रश्न सोडलेला नाही. तो घरातल्या मोठ्यांच्या दारात आणून ठेवला आहे, त्यांच्याच नावाने. भाईजानच्या नावाने नव्हे.

केळीवाल्या काकांनी माफ केले, मग आमचा हिशेब मिटला का? इतकी वर्षे आम्ही तसे धरून चाललो. बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ केला पाहिजे, आणि त्याने केला, बस. पण ती माफी आम्ही कशी घेतली? तो माणूस खाटेवर होता, रोज कमावून खाणारा. आमचे अब्बा पेठेतले ओळखीचे, सोबत दोन वजनदार माणसे, हातात पाकीट. त्यात त्याला खोटे बोलायलाही लावलेले. ‘नाही करत माफ’ म्हणण्याची त्याला मोकळीक होती का? नाही म्हणता येत नसेल तर हो म्हणण्याला काय किंमत? शिवाय माफी मागितली ती अब्बांनी. जे गाडीवर होते त्यांच्यापैकी एकालाही त्या खोलीत नेले नाही. ‘पोरांना कशाला?’ आम्हालाही ते बरेच वाटले.

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वचिंतकांनी ‘नैतिक नशीब’ या कल्पनेची चर्चा केली. बेफिकिरी दोघांची सारखीच, पण एकाच्या गाडीसमोर मूल आले आणि दुसऱ्याच्या आले नाही, तर पहिला खुनी आणि दुसरा सभ्य गृहस्थ कसा? कागदावर हा प्रश्न अवघड आहे. आमच्यापुरते त्याचे उत्तर इतकेच की, टेम्पो अर्ध्या क्षणाने आधी आला असता तर आम्हीही वर्तमानपत्रात आलो असतो. तो आला नाही यात आमची काही कमाई नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आमच्या घरात कायद्याने गाडी शिकलेली पहिली व्यक्ती म्हणजे आमची आपा. तिला कोणी गॅरेजात बसवले नाही, गोळीबार मैदानावर नेले नाही. किल्लीचा खिळा तिच्याही हाताला पुरत होता, पण तिने तो हात कधी वर केला नाही, करू दिला गेला नाही. सव्विसाव्या वर्षी, लग्नानंतर, ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली, कच्चे लायसन काढले, संगम पुलाजवळच्या आरटीओत रांगेत उभी राहिली. आम्ही तिला हसलो होतो. आमची लायसने कशी निघाली ते लिहिण्यासारखे नाही.

पोऱ्याची बाजूही सांगितली पाहिजे. गॅरेजात बारा-तेरा वर्षांचा मुलगा गाडी फिरवतो तो शौक म्हणून नव्हे. उस्ताद सांगतो म्हणून फिरवतो. २०१६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलाला, घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत करणे सोडले तर, बहुतेक कोणत्याही कामावर ठेवता येत नाही, तरी नाना पेठेत एक फेरी मारून पाहा. त्याच्या हातून अपघात झाला तर त्याच्यासाठी कोणता वकील उभा राहील? त्याच्या आकिलात कोण आहे? कल्याणीनगरच्या मुलासाठी तीनशे शब्दांचा निबंध होता. या मुलाला तीनशे शब्द लिहिता येतात का, हे कोणी विचारणार नाही. म्हणून ‘कायदा कडक करा’ एवढे म्हणून आमचे समाधान होत नाही. कडक कायदा आधी त्या पोऱ्यालाच सापडतो. आणि सोळा ते अठरा या वयात मुलाने उघडपणे, जाणत्याला शेजारी बसवून शिकावे असा रस्ता आपल्या कायद्यात असायला हवा होता, असेही आम्हाला वाटते. तो नाही म्हणून चोरवाट बरोबर ठरत नाही, पण चोरवाटेवर एवढी गर्दी का आहे, ते त्यावरून समजते.

आमच्यातल्या एकाचा मुलगा आता सतरा वर्षे आणि तीन महिन्यांचा आहे. कॉलेज लांब, बस भरलेली, मित्र सगळे गाडीवर. गेल्या महिन्यात त्याने रीतसर अर्ज केल्यासारखी बाजू मांडली. मला येते, हात बसला आहे, हेल्मेट घालीन, मुख्य रस्त्याने जाणार नाही. हात कुठे बसला हे आम्ही विचारले नाही. नको म्हणालो, तर त्याने सरळ विचारले, “तुम्ही किती वर्षांचे असताना शिकलात?”

मग त्याला सगळे सांगितले. चौकीतले सांगितले, बॅजचे सांगितले. भाईजान तिथेच होते. ते मान खाली घालून चहा पीत होते. मुलाने ऐकून घेतले आणि विचारले, “गाडी कोण चालवत होतं?” इतक्या वर्षांत घरात हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नव्हता. आम्ही नेहमी ‘आमच्या हातून झालं’ असे म्हणत आलो, या लेखातही तसेच म्हटले आहे, आणि त्यात किती सोय आहे ते तेव्हा जाणवले. हँडल ज्याच्या हाती होते, त्याने त्या दिवशी मुलाला ते सांगितले. भाईजानकडे पाहून सांगितले.

मुलाचा दुसरा प्रश्न असा होता, “मग त्या केळीवाल्या काकांचं पुढे काय झालं?”

प्लास्टर निघाल्यावर ते पुन्हा गाडी लावू लागले का, पाय नीट बसला की लंगडत राहिले, घरी कोण होते, नाव काय होते. आम्हाला काहीच माहीत नव्हते. महिनाभराने डबा बंद झाला तेव्हाच आमचा त्यांच्याशी संबंध संपला होता. त्या वळणावरून आम्ही वर्षानुवर्षे जात आलो आहोत.

पुढच्या जुम्म्याला, नमाजनंतर, आम्ही तिघे आणि तो मुलगा चालत तिकडे गेलो. हातगाडी उभी राहायची त्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानदार तरुण होता, त्याला काही ठाऊक नव्हते. त्याने सांगितले, समोरचा चहावाला जुना आहे, त्याच्या वडिलांपासूनचे दुकान आहे, त्यालाच विचारा. चहाचे दुकान त्या दिवशी बंद होते. शटरवर कागद चिकटवलेला होता, सोमवारी उघडेल. मुलाने मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवला. सोमवारी त्याला कॉलेज आहे, पण तो येतो म्हणाला, बसने.